सांगितलेलं अर्धंच का कळतं? वर्किंग मेमरी, वाक्य आणि डीएलडी असलेली मुलं

तिसरीच्या वर्गात बाई सांगतात, "वह्या काढायच्या आधी पुस्तकं मिटून दप्तरात ठेवा." बहुतेक मुलं पुस्तकं मिटतात. एक मुलगा मात्र आधी वही काढतो, उघड्या पुस्तकावरच ठेवतो आणि शेजारच्याकडे बघत बसतो. बाई वैतागतात, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" पालकसभेत हीच तक्रार होते. आईबाबांनाही ती नवी नसते, कारण घरी दोन कामं सांगितली की हा एकच करून येतो. कान तपासून झालेले असतात, ऐकू व्यवस्थित येतं. डोकंही चालतं. कॅरममध्ये तो मोठ्या भावाला हरवतो, सायकलची चेन निसटली तर स्वतः बसवतो. मग सांगितलेलं तेवढंच डोक्यात का शिरत नाही?

अशी मुलं जवळपास प्रत्येक शाळेत असतात. त्यातल्या काहींचं खरोखरच लक्ष नसतं. पण काहींची अडचण अगदी वेगळी असते. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात त्यांच्या मनात टिकत नाही, किंवा टिकली तरी तिचा शेवटाशी सांधा जुळत नाही. आपल्याकडे याबद्दल फार कमी बोललं जातं आणि त्याची शिक्षा मुलं ओरडा खाऊन भोगतात. म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो.

आधी नाव समजून घेऊ

या अडचणीला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, थोडक्यात डीएलडी म्हणतात. मूल आपली भाषा शिकताना आणि वापरताना सतत अडखळतं, ही अडचण वाढत्या वयाबरोबर आपोआप विरत नाही, शाळेत आणि रोजच्या व्यवहारात ती आडवी येते. आणि बहिरेपणा, ऑटिझम, मेंदूला इजा, बौद्धिक अक्षमता असं कुठलंही ठोस कारण तिच्यामागे सापडत नाही. पूर्वी हिला स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट म्हणायचे. ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१६-१७ मध्ये चर्चा करून डीएलडी हे नाव रूढ केलं. जुन्या व्याख्येत मुलाचा बुद्ध्यंक चांगला असण्याची अट असायची. नव्या व्याख्येत ती सैल झाली आणि त्यामुळे मदतीपासून वंचित राहणारी बरीच मुलं आत आली.

ही मुलं किती असतात? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्रूस टॉम्ब्लिन यांच्या गटाने बालवाडीतल्या मुलांची मोठी पाहणी केली. १९९७ साली तिचे निष्कर्ष आले, त्यात प्रमाण ७.४ टक्के निघालं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात कोर्टनी नॉरबरी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत, २०१६ साली, ७.५८ टक्के. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. ऑटिझमपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे, तरी हे नाव पालकांच्या कानावर आलेलं नसतं. कारण सरळ आहे. ही मुलं बोलतात. तोतरी नसतात, उच्चारही पुष्कळदा स्पष्ट असतात. अडचण वाक्याच्या आत असते, ती बाहेरून दिसत नाही.

ओटा छोटा असेल तर

आता दुसरी संज्ञा, वर्किंग मेमरी. एखादी गोष्ट मनात धरून ठेवत तिच्यावर काहीतरी काम करायची क्षमता, एवढाच तिचा अर्थ. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिचा आराखडा मांडला आणि आजही बरंचसं संशोधन त्याच्याच आधाराने चालतं.

स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. फडताळात वर्षभराचा किराणा भरलेला असतो, ती आपली कायमची स्मृती. पण स्वयंपाक फडताळात होत नाही, ओट्यावर होतो. ओट्यावर जेवढं मावेल तेवढंच एका वेळी हाताखाली घेता येतं. वर्किंग मेमरी म्हणजे हा ओटा. नेल्सन कोवन या अमेरिकन संशोधकाच्या मते मोठ्या माणसाच्या ओट्यावरही एका वेळी चारेक वस्तूच राहतात. मुलांचा ओटा त्याहून लहान असतो आणि वयाबरोबर वाढतो.

"पाढे आणि आरत्या तोंडपाठ आहेत, मग स्मरणशक्ती कमी कशी?" असा प्रश्न आजी-आजोबा हमखास विचारतात. त्याचं उत्तर इथेच मिळतं. पाढे फडताळात आहेत. घोकून घोकून ते तिथे नीट लागले आहेत. आत्ता कानावर पडलेलं, पूर्वी कधीच न ऐकलेलं वाक्य मात्र ओट्यावरच घ्यावं लागतं. एक भरलेलं आणि दुसरं अपुरं, असं एकाच मुलाच्या बाबतीत सहज असू शकतं.

या उदाहरणातली आणखी एक गोष्ट पुढे फार उपयोगाची आहे. कणीक, मीठ, तेल, पाणी सुटं मांडलं तर चार भांडी जागा अडवतात. तीच कणीक मळलेली असेल तर एक गोळा पुरतो. भाषेत हे काम ओळखीच्या शब्दसमूहांचं असतं. "जेवण झाल्यावर" हे आपल्याला सुटे शब्द वाटतच नाहीत, तो एक गोळा असतो. म्हणजे ओट्यावर किती मावतं हे नुसत्या ओट्याच्या आकारावर ठरत नाही. फडताळातून किती तयार माल येतो, यावरही ते ठरतं.

हे मोजतात कसं

सगळ्यात साधी चाचणी म्हणजे निरर्थक शब्द ऐकून तसेच म्हणून दाखवणं. इंग्रजीतल्या चाचणीत 'हॅम्पेंट', 'वूगलामिक', 'पर्प्लिस्टेरॉन्क' असे कुणीच न ऐकलेले शब्द असतात. मराठी मुलासाठी 'तिमोळ', 'कपडोनी', 'बेलतुमाकी', 'शिदगोवलाटणे' असे बनवता येतील. दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्द डीएलडी असलेलं मूल बऱ्यापैकी म्हणतं. पुढे अक्षरं वाढली की मधलं एखादं गळतं, नाहीतर जागा बदलतं. शब्दाला अर्थच नसल्यामुळे फडताळाचा आधार कमी मिळतो आणि ध्वनी किती टिकतात ते उघडं पडतं. सुझन गॅदरकोल आणि बॅडली यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी मुलं मोजकीच होती, सरासरी आठ वर्षांची. पण या एका कामात ती चार वर्षांच्या मुलांइतकीच पुढे जात होती. नंतर हाच कल कितीतरी अभ्यासांत दिसला.

दुसरी चाचणी जरा कसोटी पाहणारी आहे. मुलाला छोटी वाक्यं ऐकवतात. प्रत्येक वाक्य खरं की खोटं हे त्याने लगेच सांगायचं आणि शेवटी प्रत्येक वाक्यातला शेवटचा शब्द आठवून म्हणायचा. समजून घेणं आणि धरून ठेवणं, दोन्ही एकदम. सुझन एलिस वाइझमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ही चाचणी घेतली, तेव्हा खरं-खोटं सांगण्यात डीएलडी असलेली मुलं बरोबरीच्या मुलांच्या जवळपास होती. शब्द आठवण्यात मात्र बरीच मागे पडली. सुटं छोटं वाक्य त्यांना कळत होतं. कळून घेण्यात जागा खर्च झाली की टिकवायला उरत नव्हती.

जाता जाता एक सांगायला हवं. ही चाचणी शब्दशः मराठीत आणली तर ती वाया जाईल. इंग्रजी वाक्याच्या शेवटी बहुधा नाम किंवा विशेषण येतं. आपल्या वाक्यांच्या शेवटी 'आहे', 'असतं', 'असतात'. तेच ते शब्द आठवण्यात परीक्षा कसली? मराठीत पहिला शब्द विचारावा लागेल, नाहीतर वाक्यंच वेगळी रचावी लागतील. इंग्रजीतून उचललेल्या चाचणीवर आपल्या मुलांचं निदान करणं किती धोक्याचं आहे, हे एवढ्यावरूनही लक्षात येईल.

पाच शब्दांचं वाक्य, सावकाश उलगडून

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. ही दोन वाक्यं वाचा.

मुलाने ढकललेली मुलगी रडत होती.
मुलाला ढकलणारी मुलगी रडत होती.

दोन्ही वाक्यांत मुलगा आहे, मुलगी आहे, ढकलणं आहे, रडणं आहे. पहिल्यात मुलगा ढकलतो, दुसऱ्यात मुलगी. हा सगळा उलटफेर 'ने' आणि 'ला', 'लेली' आणि 'णारी' यांनी केला. बोलताना यांच्यावर जोर नसतो, क्षणात निघून जातात.

पहिलं वाक्य ऐकताना काय करावं लागतं बघा. 'मुलाने' ऐकलं. मुलाने काहीतरी केलं एवढं कळलं, काय केलं ते माहीत नाही, तर हे जपून ठेवायचं. 'ढकललेली' ऐकलं. कृती कळली. ढकललं गेलेलं कुणीतरी स्त्रीलिंगी आहे हे शेवटच्या 'ली'ने सांगितलं, पण ते कोण ते अजून आलेलं नाही. तेही जपायचं. 'मुलगी' आल्यावर मागच्या दोन्ही गोष्टी तिला जोडायच्या, आणि लगेच पुढे 'रडत होती' येतंय तेही तिच्याच नावावर टाकायचं. हे सगळं दीड-दोन सेकंदांत उरकायचं असतं.

या गडबडीत 'ने' निसटला तर हाती काय राहतं? मुलगा, ढकलणं, मुलगी, रडणं. मूल त्यातून सगळ्यात शक्य वाटणारी गोष्ट जुळवतं: मुलाने ढकललं, मुलगी रडली. पहिल्या वाक्याला हे उत्तर बरोबर ठरतं! दुसऱ्या वाक्यात 'ला' निसटला की मूल हेच उत्तर देतं आणि चुकतं. मोठ्या माणसांना वाटतं, याला कधी कळतं, कधी कळत नाही, म्हणजे हा मनावर घेत नाही. खरं तर मुलाने दोन्ही वेळी एकच केलेलं असतं, अंदाज.

घरात ही मुलं का निभावून नेतात, तेही यावरून कळतं. "मांजराने दूध प्यायलं" यात 'ने' ऐकू आला नाही तरी बिघडत नाही, दूध मांजराला पिणार नाही. रोजच्या बोलण्यात असा आधार पावलोपावली असतो. समोर वस्तू असते, हातवारे असतात. शाळेच्या पुस्तकात हा आधार सुटतो. इतिहासाच्या धड्यात कोणी कोणावर चढाई केली हे व्याकरणातूनच कळून घ्यावं लागतं.

ओहायो विद्यापीठातले जेम्स माँटगोमेरी, त्यांचे सहकारी रोनाल्ड गिलम आणि ज्युलिया इव्हान्स यांनी हा अंदाजाचा आधारच काढून टाकणारी चाचणी रचली. वाक्यात सगळ्या निर्जीव वस्तू, अंगठीने चौकोनाला हलवलं अशा धर्तीची. कोण कोणाला हलवेल याचा तर्क करताच येणार नाही. मुलाने फक्त ज्याने कृती केली त्या चित्राला बोट लावायचं. सात ते अकरा वर्षांची डीएलडी असलेली ११७ मुलं आणि तेवढीच बरोबरीची मुलं त्यांनी तपासली. २०१८ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा की मुलाची तर्कशक्ती, लक्ष ताब्यात ठेवण्याची क्षमता आणि भाषेचं साठवलेलं ज्ञान या सगळ्यांचा वाक्य समजण्यावर होणारा परिणाम मोठ्या प्रमाणात वर्किंग मेमरीच्या वाटेने जातो. माँटगोमेरी आणि इव्हान्स यांच्याच २००९ सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. या मुलांच्या बाबतीत साधी वाक्यं समजण्याचासुद्धा ध्वनी टिकवण्याच्या क्षमतेशी संबंध लागतो. जे आपल्याला विनासायास जमतं, त्यासाठी ही मुलं दिवसभर राबत असतात. दुपारी शाळेतून आल्यावर ती इतकी चिडचिडी का असतात, याचा या दृष्टीनेही विचार व्हावा.

पण दोष स्मृतीचा की व्याकरणाचा?

यावर संशोधकांचं एकमत नाही. लंडनच्या हेदर व्हॅन डर लेली यांचं म्हणणं होतं की या मुलांपैकी एका गटात मूळ दोष व्याकरणाच्या यंत्रणेतच असतो. पुरावा वजनदार होता. सहा-सात शब्दांच्या कर्मणी वाक्यात ('मुलगा मुलीकडून ढकलला गेला' अशा धर्तीच्या) मूल चुकतं आणि त्याहून लांब पण सरळ वाक्य समजतं. नुसती जागा कमी पडत असती तर लांब वाक्य आधी अडायला हवं होतं. तेल अवीवमध्ये नामा फ्रीडमन आणि रामा नोव्होग्रोड्स्की यांना हिब्रू बोलणाऱ्या मुलांतही 'ज्याला अमक्याने ढकललं तो' या धर्तीची वाक्यंच नेमकी अवघड जाताना दिसली.

दुसरीकडे मॅकडोनाल्ड आणि ख्रिस्तियानसन यांनी २००२ साली प्रश्नच उलटा केला. आपण ज्याला वर्किंग मेमरीची चाचणी म्हणतो ती तरी भाषेपासून वेगळी आहे का? ज्याचा भाषेचा सराव दांडगा, त्याला वाक्य धरून ठेवणं सोपं जाणारच.

मला हा तिसरा विचार सगळ्यात कामाचा वाटतो, आणि ओट्याचं उदाहरण त्याला लागू पडतं. 'ढकललेली मुलगी' ही रचना ज्या मुलाने हजारदा ऐकली आणि वापरली, त्याच्याकडे तिचा मळलेला गोळा तयार आहे. ज्याच्या कानातून 'लेली' दर वेळी निसटतं, त्याचा गोळा तयारच होत नाही. मग प्रत्येक वाक्य त्याला कोऱ्या पिठापासून मळावं लागतं, आणि त्यात ओटा भरून जातो. स्मृती कमी म्हणून भाषा कच्ची राहते आणि भाषा कच्ची म्हणून स्मृतीला जागा पुरत नाही. कोणतं आधी, हे आठ वर्षांच्या मुलाला मदत करताना फारसं महत्त्वाचं उरत नाही.

यात वेगाचाही वाटा आहे. तिसरीतल्या मुलांच्या एका अभ्यासात, २००१ साली, भाषेच्या आणि भाषेबाहेरच्याही कामांत ही मुलं सरासरी १४ टक्के सावकाश निघाली. फार मोठा फरक नाही. पण बोलणारा थांबत नसतो.

"मोठा झाला की सुधारेल. याचे बाबाही उशिरा बोलायला लागले होते"

दोन वर्षांचं मूल कमी बोलत असेल तर हे म्हणणं अगदीच चूक नाही, उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे बरोबरीला येतात. पण पाच वर्षं उलटून गेल्यावरही वाक्यं तुटक असतील, सांगितलेलं कळत नसेल, तर ते आपोआप भरून येण्याची शक्यता कमी असते. आणि बाबांचा दाखला दिलासा म्हणून दिला जातो, तो खरं तर सावध करणारा आहे. डीएलडी घराण्यात चालतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून निरर्थक शब्द म्हणण्यातली अडचण तर ठळकपणे आनुवंशिक निघाली आहे.

"घरात मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून गोंधळलाय"

दोन भाषांमुळे डीएलडी होत नाही. ज्या मुलाला ते आहे त्याला ते दोन्ही भाषांत असतं, हीच ओळखायची खूण. मूल मराठीत गोष्ट नीट सांगतं, गुंतागुंतीचं बोलणं समजून घेतं आणि फक्त इंग्रजी माध्यमात अडतं, तर तो इंग्रजीच्या कमी सरावाचा प्रश्न आहे. दोन्हीकडे अडतं, तर तपासणी हवी.

अशा वेळी "घरीसुद्धा इंग्रजीच बोला" असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला मला घातक वाटतो. आईच्या तोंडची भाषा काढून घेतली तर मुलाचं फडताळ आणखी रिकामं होतं, आणि आजीशी बोलणं तुटतं ते वेगळंच.

"मग स्मरणशक्ती वाढवायचा क्लास लावू?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण यात पालकांचे पैसे आणि मुलांच्या संध्याकाळी जातात. ओटा लहान आहे म्हटल्यावर तो वाढवावा हे कुणालाही सुचेल. संगणकावर आकडे उलटे म्हणायचे, चौकोन लक्षात ठेवायचे, असे खेळ त्यासाठी विकले जातात. मोनिका मेल्बी-लेर्व्हाग आणि चार्ल्स हुल्म यांनी २०१३ साली अशा प्रशिक्षणावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. ज्या प्रकारचे खेळ खेळले त्या प्रकारच्या कामांत मुलं काही काळ पुढे गेली. वाचन, गणित, शब्दज्ञान यांत तो फायदा उतरला नाही.

अमेरिकेत फास्ट फॉरवर्ड नावाचा एक कार्यक्रम गाजला होता. कानावर पडणाऱ्या ध्वनींवर वेगाने प्रक्रिया करायला शिकवलं की भाषा सुधारेल, अशी त्यामागची कल्पना. गिलम यांच्या गटाने २००८ साली २१६ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडून त्याची परीक्षा घेतली. एका गटाला हा कार्यक्रम, दुसऱ्याला संगणकावरचे भाषेचे साधे खेळ, तिसऱ्याला थेरपिस्टबरोबर समोरासमोर भाषेचे धडे, चौथ्याला गणित-विज्ञान-भूगोलाचे खेळ. चारही गट सुधारले आणि त्या कार्यक्रमाने इतरांपेक्षा जास्त काही साधलं नाही. क्लासची जाहिरात करणारे पहिला अर्धा भाग सांगतात, "मुलं सुधारली." दुसरा अर्धा भाग विचारून घ्यायचा असतो.

मग करायचं काय? वाक्य बदलायचं

ओटा फारसा वाढत नाही, पण त्यावर आपण काय आणि किती ठेवतो हे आपल्या हातात आहे. सुरुवातीचं बाईंचं वाक्य बघा. "वह्या काढायच्या आधी पुस्तकं मिटा" यात जे नंतर करायचं ते आधी ऐकू येतं. ईव्ह क्लार्क यांनी १९७१ साली दाखवलं होतं की लहान मुलं 'आधी-नंतर'ची वाक्यं ज्या क्रमाने ऐकतात त्याच क्रमाने करायला जातात. सगळीच मुलं या टप्प्यातून जातात, डीएलडी असलेली मुलं तिथे जास्त काळ अडकू शकतात. मराठीत 'आधी'चा भाग सहसा वाक्याच्या सुरुवातीला येतो, त्यामुळे आपलं 'आधी'चं वाक्य जवळजवळ नेहमीच क्रम उलटा करतं. 'झाल्यावर'चं वाक्य क्रम सरळ ठेवतं. "पुस्तकं मिटा. दप्तरात ठेवा. आता वही काढा." प्रत्येक तुकड्यानंतर थोडं थांबायचं, एवढंच. यात काही खर्च नाही, आणि वर्गातल्या इतर मुलांचंही नुकसान नाही.

उलट फायदाच आहे. गॅदरकोल आणि ट्रेसी ॲलोवे यांनी शिक्षकांसाठी लिहिताना हिशोब मांडला आहे की सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात तिघांची तरी वर्किंग मेमरी चार वर्षांच्या मुलाइतकी आणि तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी असू शकते. एका वाक्याने सगळ्यांना गाठायचं तर ते वाक्य छोटं हवं.

सावकाश बोलण्यानेही फरक पडतो, माँटगोमेरी यांच्या प्रयोगांत संथ लयीतली वाक्यं या मुलांना जास्त कळली. सूचना फळ्यावर चित्राने किंवा दोन शब्दांनी मांडून ठेवली तर ती टिकवायचं काम मुलाला करावं लागत नाही. चित्रं लक्षात ठेवण्यातही या मुलांची सरासरी थोडी कमी भरते, पण ऐकलेल्याइतकी नाही. आणि "कळलं का?" असं विचारू नये. या प्रश्नाला प्रत्येक मूल "हो"च म्हणतं. "काय करायचंय, मला सांग बरं" असं विचारलं की कुठला तुकडा निसटला ते लगेच कळतं.

गणिताकडे मुद्दाम लक्ष द्यावं. "सीमाकडे १२ गोट्या आहेत. तिच्याकडे रमेशपेक्षा ५ जास्त आहेत. तर रमेशकडे किती?" मूल 'जास्त' पकडतं, बेरीज करतं आणि १७ लिहितं. याला वजाबाकी येत नाही असं आपण समजतो. तेच उदाहरण दोन ओळींत गोट्या काढून दाखवा. बरोबर ७ सांगितलं, तर अडचण वजाबाकीत नव्हतीच.

वाक्य सोपं करणं ही झाली सोय. थेरपीने त्यापुढे जाऊन भाषा शिकवावी लागते, म्हणजे गोळे मळून द्यावे लागतात. इंग्लंडमधल्या मूर हाउस शाळेत सुझन एबेल्स यांनी वाक्याच्या भागांना रंग आणि आकार देऊन व्याकरण डोळ्यांना दिसेल असं शिकवण्याची पद्धत विकसित केली. किशोरवयातली मुलंही या पद्धतीने कर्मणी वाक्यं आणि प्रश्नरचना शिकली, म्हणजे आठवी-नववीतल्या मुलाबद्दल "आता उशीर झाला" म्हणायचं कारण नाही. मराठीत याची सुरुवात कुणालाही करता येईल. 'कोणी?'चं उत्तर लाल पट्टीवर, 'ने' ठळक करून. 'कोणाला?'चं उत्तर निळ्या पट्टीवर, 'ला' ठळक करून. पट्ट्यांची जागा बदला, बाहुल्यांकडून कृती करून घ्या आणि जागा बदलली तरी 'ने'वाला तोच राहतो हे मुलाला हाताने अनुभवू द्या.

कुठे जायचं, कागदावर काय मिळतं

पहिली पायरी श्रवणचाचणी, ती टाळू नका. नंतर स्पीच थेरपिस्टकडे भाषेची तपासणी. थेरपिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे आहे का, हे विचारायला संकोच करू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, मैसूरला १९६५ पासून ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे. तपासणी मराठीतून करा असा आग्रह धरावा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यातली वाचा व भाषा दिव्यांगतेची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणं किंवा अफेजिया (मेंदूला इजा होऊन भाषा हरपणं) यांसारख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमच्या अडचणीपुरती आहे. डीएलडी तिच्यात सरळ बसत नाही. पण विशिष्ट अध्ययन अक्षमतेची व्याख्या वाचा. बोली किंवा लिखित भाषेवर प्रक्रिया करण्यातली उणीव आणि ती समजण्यातली अडचण तिच्यात आहे, आणि 'डेव्हलपमेंटल अफेजिया' हा शब्दही आहे. डीएलडीला पूर्वी ज्या नावांनी ओळखायचे, त्यातलंच हे एक. शाळेशी किंवा मंडळाशी बोलताना ही ओळ दाखवता येईल असं माझं मत आहे.

तपासणीला जाण्याआधी एक काम मात्र घरी करून ठेवावं. मुलाला न कळलेली वाक्यं, तुम्ही बोललात अगदी तशीच्या तशी, वहीत उतरवा आणि पुढे त्याने काय केलं ते लिहा. "ऐकत नाही" या शेऱ्यातून थेरपिस्टला काहीच मिळत नाही. "दादाने आणलेली पिशवी ताईला दे" म्हटल्यावर त्याने पिशवी दादाला नेऊन दिली, हे लिहिलेलं असेल तर कोणता प्रत्यय निसटतोय, याचा शोध पहिल्याच भेटीत सुरू होतो.